श्रीनाथचे अडीचशे टोले

सत्काराचं भाषण करावं तर ते भय्यासाहेबांनीच! हे मत उज्जैनभर पसरलेलं होतं, आणि ते पसरवण्याचं काम मुख्यतः भय्यासाहेबच करत. फ्रीगंजातल्या मराठी मंडळात कुणाच्या गळ्यात हार पडला, की भाषण त्यांचंच. पद्धत साधी. माणसानं जेवढं केलं असेल त्यात आपल्या पदरचं थोडं घालायचं. पहिलवानाच्या दहा कुस्त्यांच्या तीस होत, विहीर खोदणाऱ्याच्या नावावर तलाव जमा होई. ज्याचा सत्कार तो बिचारा मान खाली घालून ऐके, कारण सत्कारमूर्तीनं मध्ये बोलायचं नसतं!

त्यांचा भाचा श्रीनाथ उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरला तो खांद्यावर काठ्यांनी भरलेली लांबलचक पिशवी घेऊन. एका राजेसाहेबांच्या पदरी तो गोल्फ खेळायला आणि शिकवायला होता. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, राजेसाहेबांनी घोडे विकले आणि श्रीनाथला निरोपाचा नारळ दिला. आता उज्जैनला बड्या अधिकाऱ्यांचा क्लब होता आणि तिथं गोल्फचा नवा शिक्षक हवा होता. ती जागा हुकली, तर श्रीनाथला कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजत बसावं लागणार होतं.

"बिलकुल काळजी करू नकोस!" भय्यासाहेब म्हणाले. "मंडळात तुझा सत्कार ठेवतो. क्लबाचे अध्यक्ष माथुरसाहेब येतील. माझं भाषण ऐकलं की तुला तिथूनच उचलून नेतील! पण हा खेळ मतलब आहे तरी काय?"

अख्खं घर पिशवीभोवती जमलं.

"इतक्या काठ्या! मारामारी होते का रे?" दुर्गामामींनी विचारलं.

"नाही मामी. चेंडू मारायचा आणि लांबच्या खड्ड्यात घालायचा."

"अडवतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग मारलेला आणून कोण देतं?"

"आपणच चालत जायचं. तिथून पुन्हा मारायचा."

मामी विचारात पडल्या. "मग पहिल्यांदाच हातात घेऊन का नाही जात? खामखा त्या चेंडूला त्रास!"

भय्यासाहेबांना तर कुतूहल आवरेना. त्यांनी एक काठी हुंगूनसुद्धा पाहिली. "बरं, टोले किती मारलेस?"

"ग्वाल्हेरला बहात्तर, मामा," श्रीनाथ खुलला. "आणि दिल्लीला तर अडुसष्ट!"

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. म्हणजे पोरगं घसरत चाललंय! त्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी पुढे विचारलंच नाही. "राहू दे. बाकीचं माझ्यावर सोड."

सत्काराला हॉल गच्च भरला. माथुरसाहेब लखनौचे, पण ग्वाल्हेरात नोकरी काढल्यामुळे त्यांना मराठी छान कळायचं. भय्यासाहेब उभे राहिले.

"लोक म्हणतात, श्रीनाथनं ग्वाल्हेरला बहात्तर टोले मारले. साफ खोटं! एकशे ऐंशी मारले!"

टाळ्या! माथुरसाहेब खुर्चीत सरळ झाले. श्रीनाथनं मामांचा कोट ओढला. पोराला अजून हवंय, असं समजून भय्यासाहेब आणखी चढले.

"दिल्लीला अडीचशे! तेही एका दिवसात! आणि टोला असा, की मारलेला चेंडू पुन्हा कुणाला सापडत नाही! मैदानातल्या वाळूत हा स्वतः शिरला, तर तासभर बाहेर येत नाही, एवढी एकाग्रता!"

माथुरसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांना गहिवरून आलं, असं वाटून भय्यासाहेबांनी स्वतःचेही डोळे पुसले.

कार्यक्रम संपताच श्रीनाथनं मामांना कोपऱ्यात गाठलं. "मामा, बुडालो! या खेळात जितके टोले कमी, तितका माणूस मोठा!"

"कमी?" भय्यासाहेब मटकन बाकावर बसले. "अरे, मग हा कसला खेळ? आणि हे तू बोलला का नाहीस?"

"सत्कारमूर्तीनं बोलायचं नसतं ना!"

भय्यासाहेबांना खरोखर रडू आलं. सख्ख्या भाच्याच्या पोटावर आपण पाय दिला! सगळं कबूल करायचं ठरवून ते माथुरसाहेबांपुढे गेले. "साहब, मुझसे बहुत बड़ी गलती..."

"सच बताइए, ढाई सौ?" साहेबांनी त्यांचा हात गच्च धरला. "आज तक जो भी मास्टर आया, सबके सामने मुझे हराकर गया। मेरे बाबू लोग पेड़ के पीछे हँसते हैं! आपका भांजा तो हीरा है। कल से भेज दीजिए!"

भय्यासाहेबांनी श्रीनाथकडे पाहिलं. श्रीनाथनं शहाण्यासारखी मान खाली घातली.

नोकरी लागली. महिनाभरानं एका संध्याकाळी श्रीनाथ घरी आला तो केसांत वाळू, बुटांत वाळू. आल्या आल्या तो ओट्यावरच आडवा झाला.

"काय रे, काम जड जातंय का?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"मामा, दिल्लीला अडुसष्टांत आटोपलं, त्यात काही विशेष नव्हतं हो!" श्रीनाथ कळवळून म्हणाला. "पण माथुरसाहेबांकडून हरायचं म्हणजे... आज ते खड्ड्याकडे पाठ करून मारत होते!"