कोटाच्या खिशातली कलेजी

गॉन्टांच्या स्वयंपाकघरात सकाळपासून कलेजी उकळत होती आणि एडना गॉन्ट मागचं दार उघडं टाकून उंबऱ्यातच बटाटे सोलत बसली होती.

“पडद्यांना वास लागलाय, क्लिफर्ड. काल दूधवाला विचारत होता, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.”

“तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे,” क्लिफर्ड म्हणाला. उकडलेल्या कलेजीचे बोराएवढे तुकडे तो ओव्हनमध्ये वाळत घालत होता. “पोरीनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलंय.”

ते खरं होतं. त्यांची जॅनिस नऊ वर्षांची, पण घरात मूल आहे हे पाहुण्यांना तासाभरानं कळायचं. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की ती खाली वाकून मोजे वर ओढायला लागायची. ती परवा बेकरीच्या काचेवर लावलेला कागद वाचून आली आणि जेवताना वाटाण्यांकडे बघत म्हणाली, “जत्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. बारा वर्षांखालच्या मुलांनी आपापला कुत्रा फिरवून दाखवायचा. मी बटनला नेऊ?”

बटन म्हणजे त्यांचा बीगल. शेजारचे लोक ऑस्ट्रेलियाला कायमचे निघून गेले, तेव्हा जाताना त्यांनी दोन कुंड्या, एक शिडी आणि बटन गॉन्टांकडे ठेवला होता. पोटाच्या पलीकडे त्याचे काही विचार होते असं कुणाला आढळलं नव्हतं.

क्लिफर्ड यॉर्कशरातल्या त्या गिरणीगावात बस चालवायचा. काम पत्करलं की नीट पार पाडायचं हा त्याचा स्वभाव. दुसऱ्याच दिवशी त्यानं वाचनालयातून पुस्तक आणलं, मागच्या अंगणात खडूनं रिंगण आखलं आणि जुना तपकिरी कोट अंगावर चढवून त्याच्या दोन्ही खिशांत कलेजी भरली.

“हे बघ जॅनिस, पट्टा डाव्या हातात. सैल सोडायचा. आता चाल. अगं, नाही, असं नाही. दे इकडे, मी दाखवतो.”

जॅनिसनं पट्टा दिला. क्लिफर्डनं दाखवलं. मग आणखी एकदा दाखवलं. बटन वळताना चुकला म्हणून ते पक्कं करून घेतलं. तेवढ्यात चहाची वेळ झाली.

असं रोज चाललं. जॅनिस बादली पालथी घालून तिच्यावर बसायची आणि बघायची. बटन मात्र खरोखर शिकला. कोट समोर येऊन थांबला की चारी पाय रोवायचे, मान वर करायची, शेपूट ताठ धरायची आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. असं केलं की खिशातून कलेजी येते, हे गणित त्याला पुरतं कळलं होतं.

“छान झालंय,” एडना एकदा म्हणाली. “आता प्रदर्शनात तूच उतर. अर्धी चड्डी घाल, बारा वर्षांखालचा दिसशील.”

“त्याला एकदा वळण लागू दे, मग आहेच की तिच्या हातात,” क्लिफर्ड म्हणाला.

चॅपलमागे आता नवी घरं झाली आहेत. पण सदुसष्ट सालच्या त्या जूनमध्ये तिथे क्रिकेटचं मैदान होतं आणि जत्रा त्यावरच भरायची. चहाचा तंबू, बँडवाले, केकच्या स्पर्धेवरून एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बायका, सगळं दरवर्षी त्याच जागी. सकाळी लख्ख ऊन पडलं. दुपारी माळावरून असा वारा सुटला की बँडवाल्यांचे कागद उडून केकवर जाऊन बसले.

परीक्षक होत्या मिस ऑल्ड्रॉइड. घरून निघताना ऊन होतं, म्हणून बाई बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा घालून आल्या होत्या, आणि आता त्यांचे दंड गारठून निळे पडायला लागले होते.

रिंगणात नऊ मुलं आणि नऊ कुत्री उभी राहिली. जॅनिसचा नंबर आला. “चालवून दाखव, बाळ,” मिस ऑल्ड्रॉइड म्हणाल्या.

जॅनिस डावीकडे निघाली आणि बटन उजवीकडे. कारण उजवीकडे, दोरीच्या पलीकडे, तपकिरी कोट उभा होता. क्लिफर्डच्या हे लक्षात आलं आणि तो घाईनं दोन माणसं सोडून सरकला. बटनही तेवढाच सरकला, जॅनिससकट. क्लिफर्ड एका जाड्या माणसामागे दडला. बटननं जमिनीवर लोळण घेतली आणि त्या माणसाच्या दोन पायांमधून बघू लागला. लोक हसायला लागले. जॅनिसचे कान लाल झाले आणि तिचा मोकळा हात मोज्याकडे निघाला.

“अरे, तो तुला नाही, कोटाला बघतोय!” एडना क्लिफर्डच्या कानाशी येऊन फिसकारली. “काढ तो आधी, आणि दिसेनासा हो!”

क्लिफर्डनं कोट काढून तिच्या हातात कोंबला आणि मैदानाच्या कडेला खेळपट्टी दाबायचा भलाथोरला लोखंडी रोलर होता, त्याच्यामागे सदरा-विजारीवर उकिडवा बसला. एडनानं कोट चहाच्या तंबूत एका खुर्चीवर टाकला आणि ती पाठ फिरवून कप भरायच्या कामाला लागली, कारण तिची तिथे पाळी होती. एवढ्यात जत्रेचे चिटणीस मिस्टर सटक्लिफ तंबूत डोकावले.

“परीक्षकबाई गारठून मरतायत तिकडे! कुणाचा कोट हा? असो कुणाचा का, पाच मिनिटांत आणून ठेवतो.”

रोलरमागून क्लिफर्ड हळूच डोकं वर काढतो तो काय, त्याचा कोट मिस ऑल्ड्रॉइडला अंगात घेऊन रिंगणात चालला होता.

पहिल्यांदा एका स्पॅनियलनं नाक वर केलं. मग पूडलनं. मग एका लहान मुलाला पालथं ओढत सेंट बर्नार्ड निघाला, आणि बघता बघता आठही कुत्री बाईंना जाऊन भिडली. एकानं डावा खिसा धरला, एकानं उजवा. एक डॅक्सहुंड, पाय आखूड म्हणून, बाईंच्या बुटावर चढून वर बघत रडायला लागला.

“अगंबाई!” मिस ऑल्ड्रॉइड हर्षानं म्हणाल्या. “किती प्रेमळ कुत्री आहेत या गावची!”

एकटा बटन जागचा हलला नाही. कोट समोर येऊन थांबला होता. त्यानं चारी पाय रोवले, मान वर केली, शेपूट ताठ केली. जॅनिसच्या हातात पट्टा सैल लोंबत होता आणि त्या सगळ्या गोंधळात तिचा कुत्रा चौकातल्या पुतळ्यासारखा उभा होता. क्लिफर्डला रोलरमागे हुंदका आला.

मिस ऑल्ड्रॉइड कुत्री बाजूला सारत तिच्यापाशी आल्या. पहिल्या नंबराचं लाल फितीचं फूल त्यांनी हातात घेतलंच होतं. मागोमाग माईक घेऊन मिस्टर सटक्लिफ.

“शाब्बास, पोरी! असं शिस्तीत उभं राहायला कुणी शिकवलं गं याला?”

‘मी म्हण,’ क्लिफर्ड मनात म्हणाला. ‘एकच अक्षर आहे, बाळा. मी.’

जॅनिसनं फुलाकडे बघितलं, मग बटनकडे, मग माईककडे. आणि तिचा आवाज भोंग्यांतून सगळ्या मैदानावर घुमला:

“डॅडनं. तो मला पट्टा धरूच देत नाही. आणि तुम्ही घातलाय तो कोटपण डॅडचाच आहे. त्याच्या खिशात कलेजी आहे.”

मिस ऑल्ड्रॉइडनी खिशात हात घातला, मूठभर काळे तुकडे बाहेर काढले आणि हुंगले.

“आणि डॅड कुठे आहेत?”

“रोलरच्या मागे.”

सगळं मैदान रोलरकडे वळलं. क्लिफर्ड उभा राहिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

“मिस्टर गॉन्ट,” मिस ऑल्ड्रॉइड कोट उतरवत म्हणाल्या, “हा घ्या, आणि वास येणार नाही इतके लांब जा. मुलांनो, आपण पहिल्यापासून सुरू करू.”

वास येणार नाही इतकं लांब म्हणजे मैदानाची भिंत ओलांडून, रस्ता ओलांडून, बसथांब्यापर्यंत. तिथे क्लिफर्ड कोट काखेत धरून उभा राहिला. काही दिसत नव्हतं. भोंग्याचा आवाज वाऱ्यानं फाटून यायचा, मधूनच टाळ्या, मधूनच हशा. कुणाच्या टाळ्या आणि कुणावर हशा, ते कळायला मार्ग नव्हता. तीन आठवडे त्यानं एक वळणसुद्धा तिला पुरतं घेऊ दिलं नव्हतं, हे त्याला तिथे उभं राहिल्यावर मोजता आलं.

तासाभरानं जॅनिस फाटकातून बाहेर आली. पट्टा तिनं दोन्ही हातांत धरला होता. फ्रॉकवर चिखल. छातीवर फूलबिल काही नव्हतं.

“कितवा नंबर?” क्लिफर्डनं भीत भीत विचारलं.

“सातवा,” जॅनिस म्हणाली. “अरे पण डॅड, तू नव्हतास ना, काय झालं सांगू का? वळताना बटन बसलाच. मग मी त्याला कानात सांगितलं, ऊठ, तर उठला! मग मिस ऑल्ड्रॉइड म्हणाल्या काय सांगितलंस कानात, तर मी म्हटलं ते आमच्यातलं आहे. आणि तो पूडल आहे ना, त्याच्या मालकिणीशी माझी ओळख झाली, तिचं नाव मॅव्हिस. आणि पुढच्या महिन्यात तिच्या गावाला पण प्रदर्शन आहे, आणि तू यायचं नाहीस, मी आणि आईच जाणार. आणि मग तो सेंट बर्नार्ड...”

एवढ्यात बस आली. दार उघडलं. चालवणारा क्लिफर्डच्याच डेपोतला होता. “चल रे क्लिफ, चढा लवकर, चार मिनिटं उशीर झालाय.”

“तू जा पुढे,” क्लिफर्डनं हातानं खूण केली. “आम्ही मागच्या बसनं येऊ.”

“मागची पाऊण तासानं आहे!”

“माहीत आहे,” क्लिफर्ड म्हणाला, आणि कोट बाकावर टाकून जॅनिसकडे वळला. “हं. सेंट बर्नार्डनं काय केलं?”