काटेरावांचा आभासी पहारेकरी

बाळांनो, चुळबुळ पुरे. एका जंगलात झाडं कमी आणि खाती जास्त होती. तिथे काटेराव नावाचे साळिंदर राजाचा संगणक सांभाळायचे.

त्या संगणकात घरट्यांची यादी होती. कुणाची अंडी कुठल्या दगडाआड, सगळं त्यात. सुगंधा टिटवी काही केल्या आपली जागा सांगेना. काटेरावांनी शब्द दिला, तेव्हा कुठे तिने सांगितली.

पुढे नदीपलीकडचे कोल्हे तारेवरून त्या यादीत डोकावू लागले. काटेरावांनी ते हेरलं. ते राजाकडे गेले आणि फायरवॉल बसवू या म्हणाले. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी, बरं का. त्याला वेगळी पेटी नको, काटेराव म्हणाले. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या आपल्या मोठ्या मशीनच्या पोटातच एक आभासी मशीन, म्हणजे हाताला न लागणारा संगणकातला संगणक, उभं करू, त्यात तो बसेल.

दिसत नाही तो पहारेकरी कसला, असं सिंह महाराज गुरगुरले. पण उद्घाटन करता येईल म्हटल्यावर तयार झाले.

काटेराव तीन दिवस खपले. कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं, याचे चाळीस नियम लिहिले. बाहेरची तार पहारेकऱ्याच्या एका हातात दिली, आतली दुसऱ्या हातात. मधे चोरवाट नाही. नारळ फुटला, आणि त्याच दुपारी कोल्हे हात हलवत परत गेले. किती दिवसांनी काटेराव पोटभर जेवले!

दुसऱ्या दिवशी महाराज सासुरवाडीला गेले आणि तिथून दरबाराची कागदपत्रं उघडू लागले. पहारेकऱ्याने विचारलं, आपण कोण? झालं! राजाला नाव विचारायची त्या जंगलात रीत नव्हती.

प्रधान तरस तणतणत आले. काटेरावांनी परोपरीने समजावलं, की महाराजांना परवलीचा शब्द देतो, तेवढा टाइप करायचा. तरस म्हणाले, महाराज टाइप करत नसतात, आणि ते कुठूनही येतील. तेव्हा सगळ्यात वर एकच नियम लिहा: येईल त्याला आत सोडा.

"साहेब, पहारेकरी नियम वरून वाचत येतो," काटेराव म्हणाले. "पहिला लागू पडला की तिथेच थांबतो. मग खालचे चाळीस काय कामाचे?"

"राहू द्या की. तपासणीला दिसायला बरे."

अंगभर काटे, पण त्या दिवशी काटेरावांचा एक उभा राहील तर शपथ! लाज वाटली हो त्यांना. पण नियम लिहिला.

चौथ्या दिवशी कोल्हे आले. पहारेकऱ्याने त्यांना आदबीने आत सोडलं. आठवड्याभरात माळावर एक अंडं उरलं नाही.

चौकशी झाली. पहारेकरी जागेवर हजर, दिवा हिरवा, नियम एक्केचाळीस, आणि दरबारातून तक्रार एकही नाही. एवढी चोख सेवा म्हणून भर दरबारात काटेरावांच्या गळ्यात पदक पडलं.

टाळ्या थांबल्यावर सुगंधा टिटवी पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"काटेराव, ती जागा मी फक्त तुम्हाला सांगितली होती."

काटेरावांनी मान खाली घातली. पदक काही काढलं नाही.

तात्पर्य: पहारेकरी जरूर नेमावा, फक्त त्याने कुणाला अडवू नये. अंडी जातात ती टिटवीची. राजाचा खोळंबा होत नाही.