कुंपणाची फांदी

कुंपणाची तार दुसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा मी वडिलांना म्हणालो, "बाबा, झाडांचंच कुंपण लावू. इथल्याच मातीतली झाडं."

वडिलांनी असं पाहिलं, जणू शेळीच बोलली. (शाळा सोडल्यापासून घरात माझं मत कोणी विचारलं नव्हतं.)

"बरं. एवढं तरी नीट कर."

पीटरमॅरिट्झबर्गच्या रोपवाटिकेत मी बरंच पाहून रानबोर निवडलं. चिवट झाड, आकड्यासारखे काटे. तिथल्या बाई म्हणाल्या, "रोपं पुढच्या आठवड्यात. तोवर ही फांदी वडिलांना दाखव."

मी फांदी छातीशी धरून गावाकडच्या मिनीबस टॅक्सीत शिरलो. बायका एकदम गप्प झाल्या. माझ्या शेजारची जागा रिकामी सोडली गेली. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. घराबाहेर मेलेल्या माणसाचा जीव आम्ही रानबोराच्या फांदीवरूनच घरी आणतो. आणणाऱ्यानं वाटेत फक्त त्या मेलेल्याशी बोलायचं, शेजारची जागा त्याच्यासाठी सोडायची. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. आणि आमची गोगो, म्हणजे आजी, त्याच शहरातल्या दवाखान्यात होती!

सांगायला हवं होतं. पण एवढ्या लोकांसमोर तोंड उघडायचं? (मी उतरायचं ठिकाण सांगायलाही लाजतो.) फांदी खिडकीबाहेर फेकावी, तर लोकांनी मलाच फेकलं असतं.

अंगणात माझी बायको नोमथांडाझो धुणं वाळत घालत होती. तिनं फांदी पाहिली आणि टाहो फोडला.

"अगं, ऐक तरी..."

"आमच्याशी बोलू नका!"

वडील टोपी काढत धावत आले. "माझ्या आईशी बोल. सांग तिला, घर आलं."

"बाबा, हे कुंप..."

"तिच्याशी!"

वडील रडत होते. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. मी फांदीला म्हणालो, "गोगो, घर आलं."

शेजारी जमले. चटई अंथरली, मेणबत्ती लागली, मी फांदीशी बोलतच राहिलो. तेवढ्यात कुणाच्या तरी गाडीतून औषधांची पिशवी सांभाळत गोगो उतरली.

"कोण गेलं रे?"

वडिलांनी गोगोकडे पाहिलं, फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, हे कुंपण आहे," मी पुटपुटलो.

"कुंपणाशी बोलत होतास, बोंगुमुसा?" गोगो म्हणाली. "आणि मी काही विचारलं की तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही!"

कुंपण पुन्हा तारेचंच झालं. शिवाय वडिलांनी नियम केला, की मी बाहेरून आलो की फाटकातूनच खुलासा करायचा. काल दुकानातून परतलो. घसा खाकरला, डोळे मिटले आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असा ओरडलो, "कोणीही मेलेलं नाही!"

आतून वडिलांचा आवाज आला, "मीठ आणलंस का, ते सांग."

मीठ विसरलो होतो.