ओटीतले खेकडे

मासे पकडणं हे शंभर टक्के डोक्याचं काम आहे, आणि डोकं माझ्याकडे आहे! हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी स्वतः मासे खात नाही. आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा बाल्कनीच्या पुढे यायचं नाही. पण मस्कतमध्ये राहायचं आणि हामूर धरायचा नाही म्हणजे काय!

हामूर म्हणजे खडकाच्या कपारीत बसून राहणारा जाडजूड मासा. उगाच हिंडत नाही, समोर खाणं आलं की तोंड उघडतो. स्वभावाने अगदी माझ्यासारखा! त्याला काय आवडेल हे मला नाही कळणार तर कोणाला?

बोट मार्सेलची. मार्सेल माझ्याच ऑफिसातला, वसईचा. उन्हाळा तापायच्या आतली ही शेवटची फेरी, आणि त्याने मला निर्वाणीचं सांगितलं.

"अंबरीश, पहिल्या वेळी तू बोटीत ओकलास. दुसऱ्या वेळी गळ माझ्या टोपीत अडकवलास. आता शुक्रवारी पहाटे तू फक्त जिवंत आमिष घेऊन ये. चुकलास तर खलास! तुझी जागा दुसऱ्याला!"

'आमिष' हा शब्द मी तोवर फक्त 'नोकरीचं आमिष दाखवून' एवढाच वाचला होता. तरी कसून अभ्यास केला. तारली नावाची बारीक मासळी बंदरापर्यंत पोचायच्या आत मरते. कोळंबी बारके मासेच कुरतडून संपवतात. राहिला खेकडा. चिवट, तरतरीत, आणि हामूरचा जीव की प्राण! गुरुवारी संध्याकाळी मत्रहच्या मासळीबाजारात जाऊन मी एका म्हाताऱ्या कोळ्याकडून बादलीभर बारके खेकडे घेतले आणि विजयी मुद्रेने अल खौदला घरी आलो.

दारातच नूतन. भरजरी साडीत.

"हे काय?"

"आमिष!"

"अहो, आज चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे! गौर बसलीये घरात, आणि तुम्ही खेकडे आणता?"

"बाथरूममध्ये ठेवतो. कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही. मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' ऐकलं की नूतनचा चेहरा का पडतो, हे मला अजून कळलेलं नाही.

खेकड्यांना हवा लागते, म्हणून मी झाकण थोडं तिरकं ठेवलं. मग बेडरूममध्ये जाऊन बसलो, कारण हळदीकुंकवाला घरच्या पुरुषाने तिथेच बसायचं असतं. बाहेर पन्हं, आंब्याची डाळ, हसणं-खिदळणं, सगळं छान चाललं होतं. अचानक किंकाळी!

दार किलकिलं करून पाहिलं. पहिला खेकडा पार गौरीच्या आराशीपर्यंत पोचला होता. दुसरा कलिंगडाच्या कमळावर चढत होता. बाकीचे रांगेने येत होते. बायका सोफ्यावर!

एकटी प्रेमा खाली. प्रेमा आमच्या खालच्या मजल्यावर राहते, मूळची मालवणची, इथल्या शाळेत गणित शिकवते. तिने पदर खोचला.

"अगो बाई, कुर्ल्यो!"

आणि नुसत्या हाताने मागून चिमटीत धरून एकेक उचलायला लागली. "नूतन, एवढ्या ताज्या कुठे मिळाल्या गं? बारक्यांचं सार काय झकास होतं!"

नवऱ्याने घरात आमिष आणलंय हे चारचौघींत सांगायची नूतनला लाज वाटली असावी. ती हसून म्हणाली, "तुमच्यासाठीच आणल्यात! घेऊन जा सगळ्याजणी!"

 सोफ्यावरून एकेक पाय खाली आला.

"पण आज गुरुवार ना? आज नाही चालत."

"अगं, जिवंत आहेत! उद्या करायच्या!" प्रेमाने निकाल दिला.

सोफ्यावर चढलेल्या निम्म्या बायका कोकणातल्या निघाल्या. ओटीत हरभरे, पिशवीत खेकडे! मी बेडरूममधून खुणा करत होतो, घसा खाकरत होतो. नूतनने आतून दार ओढून घ्यायची खूण केली. मी घेतलं. माझी बोटीतली जागा डोळ्यांदेखत जिना उतरून गेली.

पहाटे मार्सेलने माझा डबा उघडला.

"हे काय?"

"भिजवलेले हरभरे. घरात दुसरं काही उरलं नव्हतं."

"खाली हामूर हळदीकुंकवाला बसलाय?"

एक हरभरा मी खरंच गळाला लावून पाहिला. गळ जसा गेला तसाच वर आला. उरलेले हरभरे मार्सेलने रागारागाने चावत संपवले आणि मग विचारलं, "खेकडे गेले कुठे?" मी सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने हातातला गळ खाली ठेवला.

"नुसत्या हाताने? आणि एकाचीही नांगी लागली नाही?"

"नाही."

"बाईंना बोट लागते का?"

"मालवणच्या आहेत रे त्या!"

"मग त्यांचा नंबर दे."

यंदा फेऱ्या मे महिन्यातही चालू आहेत. दर शुक्रवारी पहाटे मी प्रेमाला गाडीने बंदरावर सोडतो. आमिष ती स्वतः निवडते, आणि परवा तर भलाथोरला हामूर घेऊन आली. पण मोहिमेत माझाही वाटा आहे बरं का! आदल्या रात्री हरभरे मीच भिजत घालतो. मार्सेलला ते फार आवडले.