रायाजी चोपदाराने दरमहा वाढवून घेतला, ती हकीकत

श्रीलंबोदर प्रसन्न. जो देव स्वतः मोदकावाचून कोणाचे काम हाती घेत नाही, त्यास सर्व चाकर लोकांचे नमन. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, आश्विन मासी एका राज्यी जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव पुसो नये, लेखकासही तेथेच चाकरी करणे आहे.

ते राज्यी रायाजी चोपदार म्हणोन होता. महाराज पंगतीस बसले म्हणजे पंगतीतील थोरांचे किताब याने ललकारावे, आणि ललकारी पुरी जाहल्याखेरीज महाराजांनी घास उचलू नये, ऐसा वडिलांपासोन रिवाज. आवाज खणखणीत, परंतु दरमहा, म्हणजे महिन्याचा पगार, बापाचे वेळचा. ते साली लेकीचा पहिला दिवाळसण आला, जावई येणार, आणि घरात तेलाचा बुधला पालथा. मग कुटुंब सकवारबाई बोलिली, "दुसऱ्यांचे मोठेपण ओरडता घसा बसला, एकदा आपले पोटासाठी तोंड उघडा की!" मग रायाजी हिय्या करोन हुजुरी गेला आणि दरमहा वाढवावा म्हणोन अर्ज केला. कारभारी त्र्यंबकपंत महाराजांचे कानी लागले, आणि महाराज प्रसन्नवदने बोलिले, "रायाजी, तू तर घरचा माणूस! तुज पैका काय द्यावा? तुज 'नादकेसरी' किताब दिला." आणि पाठ थोपटिली. घरी बाई कडाडली, "अगं बाई! आता जावयास काय किताब तळोन वाढू?" मग पुन्हा गेला, तो 'कंठभूषण' जाहला, आणि पुन्हा गेला, तो 'गगनभेदी'. खजिन्यास तोशीस नाही, म्हणोन पंतांस युक्ती बहुत गोड लागली, आणि भरात येवोन त्यांनी रायाजीस पंगतीत पानही देवविले. येथेच पंत चुकले.

मग धनत्रयोदशीस पंगत बसली, पुरणपोळीवर तूप पडले, आणि महाराज भुकेले. रायाजीने मानकऱ्यांचे किताब ललकारिले, आणि मग आपले रिकाम्या पानासमोर जावोन त्यास मुजरा केला, आणि स्वतःचे किताब सुरू केले, एकेक अक्षर ताणोन; आणि मध्ये ठसका लागला, पाणी प्याला, आणि रिवाज मोडू नये म्हणोन पुन्हा पहिल्यापासोन. तूप थिजले. पापड सादळले. महाराज बोलिले, "पुरे की रे!" रायाजी हात जोडोन बोलिला, "सरकार, माझे पदरचे असते तर गिळले असते. हे तो हुजूरचे दान, अर्धे कैसे टाकू?" आणि पुन्हा पहिल्यापासोन. मग महाराज गरजले, "पंत, याचा दरमहा दुप्पट करा, आणि ते तुमचे किताब माघारी घ्या!" पंत बोलिले, "सणानंतर पाहू." रायाजीने छातीत दम भरिला. पंतांनी तेथेच, खरकट्या नव्हे परंतु भुकेल्या हाताने, शिक्का केला.

जावई आला, दिवाळसण थाटात जाहला. सकवारबाई हळूच बोलिली, "अहो, जावईबापूंपुढे एकदा ते किताब ललकारा की. फार शोभत होते हो तुम्हांस!" रायाजी बोलिला, "आधी त्यांस जेवू तर दे."

सारांश, तेव्हापासोन ते राज्यी कोणी दरमहा वाढवावा म्हणोन आला, की पंत प्रथम आवाज कैसा ते पुसतात. लेखकाचा आवाज बारीक, म्हणोन हे लिहिणे पडले. हुजुरांनी जेवणाआधी वाचावे, ही विनंती.