कमानीखालचा टँकर

"पाडा ही कमान!" सोसायटीचे सचिव रामकिसन गेटात उभे राहून ओरडले आणि सगीरा मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. बारावीला तीस वर्षं गणित शिकवलेल्या मॅडमनी गारखेड्यातल्या या सोसायटीला पॅराबोलाच्या आकाराची कमान स्वतः आखून दिली होती. आता पाच दिवसांनी पाण्याचा टँकर आला, तर ड्रायव्हर फारूख आत यायला तयार नव्हता.

"अटकती ना मॅडम! टाकीवरचा कठडा लागतो."

"अंदाजानं बोलू नकोस. टेप धर!"

कमान तळाशी बारा फूट रुंद, मधोमध बारा फूट उंच. मॅडमनी खांबावरच खडूनं लिहिलं: y = 12 − x²/3.

"टँकर सहा फूट रुंद, म्हणजे मधल्या रेघेपासून तीन. x च्या जागी तीन घाल. कमानीची उंची तिथं नऊ फूट. तुझा कठडा आठ फूट दहा इंचांवर. दोन इंच शिल्लक!"

"और बाजूला सरकला तो?"

"त्यासाठीच डेरिव्हेटिव्ह असतं! तिथला उतार वजा दोन. एक इंच सरकलास की दोन इंच उंची गेली. नाकासमोर चालव!"

मॅडमनी पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर मधली रेघ मारली. फारूखनं श्वास रोखून गाडी घातली. कुठंही न घासता टँकर आत! मॅडमनी रामकिसनकडं असं पाहिलं, की ते हौदाचं झाकण उघडायला पळाले.

टँकर रिकामा झाला, त्याच रेघेवरून परत निघाला आणि कमानीखाली कर्रकन अडकला.

"अशक्य!" मॅडम संतापल्या. "तीच कमान, तोच टँकर!"

फारूख चाकांपाशी वाकला. "पानी उतरलं मॅडम. स्प्रिंगा तीन इंच वर आल्या."

"मग चाकांची हवा सोडा की," रामकिसन म्हणाले.

"और हवा भरायला पंपापर्यंत काय ढकलत नेता?"

आता एकच उपाय उरला: टँकर पुन्हा भरून जड करायचा. हौदाला पाण्याची मोटार लावावी, तर लाईट गेलेली. मग अख्खी सोसायटी हौदातून बादल्या भरून पाणी पुन्हा टँकरात ओतू लागली. तासाभरानं टँकर दबला आणि अलगद बाहेर पडला. लगेच तेच लोक तेच पाणी घ्यायला बाहेर रांगेत धावले.

सगळ्यांत पुढं सगीरा मॅडम, हातात दोन बादल्या.

"समीकरण बरोबरच होतं!" त्यांनी मागं वळून ठणकावलं. "आणि ढकलू नका!"