तरुण, वृद्ध व ओल्या उंदरांच्या स्मरणशक्तीविषयी

मनुष्य विसरतो म्हणूनच सुखी राहतो; आणि मनुष्याच्या सुखाची तजवीज करणे हे प्रत्येक समितीचे आद्य कर्तव्य होय.

सन २००४ मध्ये आमच्या गावचे ग्यानोबा यांनी सेनगावच्या बाजारातून मिरच्या, मीठ व अंगठा शिवलेली चप्पल बिनचूक आणली. केवळ पोटची मुलगी तेथेच राहिली. (ती मिरचीवालीजवळ सुखरूप सापडली.) ग्यानोबा आठवडाभर थेंबाला शिवत नसत. बाजारच्या दिवशी मात्र साऱ्या आठवड्याची एकदम घेत. त्यांच्या पत्नी जमनाबाई यांनी उतावीळपणे दोष दारूला दिला व गावातील तिचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान मागितले.

"दारूचा काय संबंध, वहिनी? वय झालं त्याचं," दुकानाचे हितचिंतक उत्तमसिंग म्हणाले.

"अडतिसात वय? माही सासू सत्तरीची हाय, भाऊजी. रोज कोंबड्या मोजून कोंडती!"

हा वाद शास्त्राने मिटवावा असे ठरले. शास्त्राला उंदीर लागतात, ते गावात विपुल होते. समितीवर विषयाचा दांडगा अनुभव असणारेच घेतले. उत्तमसिंग अध्यक्ष, मी चिटणीस.

उंदीर तरुण व वृद्ध असे निवडले (वृद्धत्व मिशांवरून ठरविले). दोहोंतील निम्मे ओले (म्हणजे दारू पाजावयाचे), निम्मे कोरडे. ओल्यांच्या पाठीला हळद फासली. विटांची वळणदार वाट रचून टोकाला भाकरी ठेवली व सर्वांना ती वाट शिकविली. मग बाजारच्या दिवशी ओल्यांना ग्यानोबांच्या पद्धतीने, म्हणजे एकदम, पाजावयाचे होते. मुक्या जिवांना देण्यापूर्वी माल तपासणे ही समितीची नैतिक जबाबदारी होती. (ती नव्वद टक्के पार पडली, उरलेले दहा टक्के उंदरांना मिळाले.) घोटाआधी धरणीमातेला चार थेंब शिंपडण्याची रीत आम्ही प्रत्येक पेल्यास श्रद्धेने पाळली. जागेअभावी कोरड्यांचा पिंजरा आमच्या पायांशीच होता.

ग्रामसभेत प्रयोग झाला. ओले वाट विसरले. कोरडेही विसरले. एक वृद्ध कोरडा तर विटेवर डोके टेकून घोरू लागला.

"फरक शून्य!" अध्यक्ष गर्जले. "दारू निर्दोष!" बायका उठून निघाल्या. मतदान बुडण्याची चिन्हे दिसू लागली.

जमनाबाईंनी पिंजरा नाकाशी नेला. "भाऊजी, ह्या कोरड्याच्या तोंडाला वास काहून येऊन राहिला?"

"वयाचा वास आहे तो."

"व्हय का?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अवो, आपली पोरगी कुठं हाय?"

ग्यानोबा (तेही तपासणीत सहभागी होते) दचकून उठले, बाकाखाली वाकून पाहू लागले, मग हाका मारीत रस्त्याकडे धावले. मुलगी त्यांच्या खांद्यावर बसली होती. "बाबा, मी हितं हाय!" ती ओरडत होती, तरी ते पुढच्या गल्लीत शोधून आले.

उठलेल्या बायका परत बसल्या. मतदानात बाटली आडवी झाली, दुकान बंद पडले.

विज्ञान मात्र थांबत नसते. समितीचे कार्य हल्ली फाट्यावरील दुकानात चालते. खेडवळांची ही गंमत वाचून आपण हसला असाल, तर आनंद आहे. मागल्या बाजारी आपण तेथे माझ्याच बाकावर होता. आपण मला ओळखले नाही, मीही आपणांस ओळखले नाही. हे शास्त्रास धरूनच झाले. येताना आपल्यासोबत कोणीतरी लहान होते, असे मला पुसटसे स्मरते. परंतु मीही त्या वेळी तपासणीत होतो. तेव्हा माझ्यावर विसंबू नये, घरी एकदा मोजून घ्यावे.